निळा ठिपका

"नोनो, अरे बाळा, तिथं नको. गालिच्यावर बस, पाहुण्याची जागा तीच," नोरझोम म्हणाली.

मोजणीदार जिग्मत तिसऱ्या दिवशीही निमूटपणे तिथंच बसला. लडाखमधलं चांगथांगचं हे पठार त्याने पायाखाली घातलं होतं. टेकड्यांच्या उंच्या मोजून झाल्या, कोरडी पात्रं कागदावर चढली. राहिला होता एकच निळा ठिपका. जुन्या नकाशावर त्याच्याशेजारी लिहिलं होतं : गोडा झरा.

"सापडला का?"

"वाळूच वाळू. तुमच्या शेळ्यांनी पिऊन टाकला असेल, आमा-ले."

"घाल, माझ्या शेळ्यांवर कसलाही आळ घाल!"

ती हसली, पण लोण्याचा चहा घुसळणारा हात जरा जास्तच जोरात चालला. पलीकडच्या कुरणात असाच ठिपका सापडला होता. मागोमाग रस्ता आला, मग पर्यटकांचे तंबू, न्हाणीघरांसकट. तिथल्या शेळ्या आता कुठं चरतात, ते विचारूच नये.

बाकीची माणसं शेळ्या घेऊन वरच्या कुरणात गेली होती. नोरझोमचाच तंबू तेवढा मागे राहिला. गुडघे दुखतात म्हणे.

"तुम्ही पाणी आणता कुठून?" जिग्मतने विचारलं.

"नदीवरून. पहाटे, तू घोरत असतोस तेव्हा."

त्याने दाराबाहेर बांधलेल्या तिच्या घोड्याकडे पाहिलं. खोगिरावर बोटभर धूळ होती.

"दोन तासांची वाट. या गुडघ्यांनी!"

"गुडघे माझे आहेत ना? तू चहा पी."

रोजच्यासारखा थेंबही न ठेवता त्याने चहा संपवला. मग नकाशा मांडीवर घेतला, निळ्या ठिपक्यावर फुली मारली आणि लिहिलं : पाणी नाही.

"पक्कं?"

"खाली माझी सही आहे. आता पुन्हा कुणी बघायला यायचं नाही."

नोरझोमने त्याच्या खिशात छुर्पेचे, सुकवलेल्या चीजचे, चार खडे कोंबले आणि त्याला पोचवायला जीपपर्यंत गेली.

ड्रायव्हर उर्ग्यान खो खो हसत सुटला. "साहेब, कोट मागून सगळा भिजलाय की!"

"चहा सांडला," जिग्मत म्हणाला आणि मागे न बघता गाडीत बसला.

धुरळा खाली बसेपर्यंत नोरझोम हात हलवत राहिली. मग ती तंबूत आली, पाहुण्याचा गालिचा उचलला, खालची फळी सरकवली आणि चहाचं भांडं झऱ्यात बुडवलं.