घरचं माणूस

"हे तुमचे कोण?" दारावरच्या रखवालदाराने तिच्या मागच्या माणसाकडे बोट केलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. शब्द इतक्या सहज निघून गेला, की तिचं तिलाच नवल वाटलं. कित्येक वर्षं तिच्या मुलासोबत संसार केलेला तो माणूस बाकावर जाऊन बसला. अंगात घरातलाच मळका सदरा होता. मुलाला उचलून दवाखान्यात आणलं होतं ते त्यानेच.

"आत रक्ताचं नाहीतर लग्नाचं माणूसच सोडतो," रखवालदार म्हणाला आणि तिला अदबीने दार उघडून दिलं.

आत मुलाला ऑपरेशनसाठी तयार करून ठेवलं होतं. हृदयाचं काम, भरवसा देता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्याने डोळे उघडले, तिला पाहिलं, मग तिच्या मागे दाराकडे पाहिलं.

"आई, त्याला बोलाव ना. एकदाच."

नर्सला अर्धवटच ऐकू आलं. "बायको बाहेर आहे का? बोलवा लवकर, न्यायचंय आता."

"हो, बोलावते," आई म्हणाली.

आजवर तिला त्या दोघांची लाज वाटायची. कोणी विचारलं तर 'मित्र राहतो सोबत' म्हणून ती वेळ मारून न्यायची. आज लाज वाटली ती स्वतःची. मरणाच्या दारातलं लेकरू एक माणूस मागत होतं, आणि त्या माणसाला तिनेच बाहेर बसवलं होतं. ती जवळजवळ पळतच दाराशी आली.

"भाऊ, यांना आत सोडा. घरचेच आहेत. जावई म्हणा, सून म्हणा, काय वाटेल ते म्हणा, पण सोडा!"

बाकावरचा माणूस उठून उभा राहिला. रखवालदाराने दार धरूनच ठेवलं. काकू आपली परीक्षा घेताहेत असं वाटून तो हसला.

"काकू, मी काय तुम्हाला ओळखत नाही? लग्नाचा तो नवा कायदा येऊ नये म्हणून तुम्ही सभा घेतली होती ना, पुढच्याच रांगेत होतो मी. 'असल्यांना नवरा-बायकोचा हक्क दिला, तर घरचं कोण आणि परकं कोण?' काय बोललात तुम्ही! पहिली टाळी माझी होती."