खोटा फोन

माझा नातू धम्मरत्न बाप झाला, त्याच वर्षी त्याच्या बहिणीने, विशाखाने, बमरोलीच्या आमच्या कापड विणायच्या कारखान्यात मशीन लावलं. माग बंद पडला की ते सगळ्यांना फोन करायचं, आणि फोनवर आवाज माझा. साठीनंतर अक्षरं शिकले, तरी मागांचे नंबर आणि 'बंद' एवढंच मीच कागदावरून वाचून माझ्या आवाजात तिला भरून दिलं होतं. त्याशिवाय एक शब्दही नाही.

आम्ही शेठच्या केबिनमध्ये जमलो. शेठ विशाखाला म्हणाले, "बेन, आज एक पण फोन खोटा आला, तर मशीन परत घेऊन जायचं."

विशाखाने सात नंबरचा माग मुद्दाम थांबवायला लावला. सगळ्यांचे फोन एकदम वाजले. "सात नंबर बंद." माझी छाती फुगली.

मग मशीनच्या पडद्यावर सगळे माग चालू दिसत असताना फोन पुन्हा वाजले.

"सोमा, खाली बस."

सोमा माझा धाकटा भाऊ, तिथलाच कारागीर. विशाखाचा चेहरा उतरला. "आजी, हे तू कधी बोललीस?"

"मी नाही गं बोलले."

"खोटा फोन," शेठ म्हणाले. "काढा मशीन."

"खोटा कसा, शेठ?" सोमाने हसत स्टूल ओढलं. "अक्काने सांगितलं आणि मी ऐकलं नाही, असं कधी झालंय? हा बघा, बसलो."

सगळे हसले, शेठही. हसू थांबायच्या आत फोन वाजले.

"सोमा बंद."

मशीन अजून तिथेच आहे. माझ्या नातीचं काम पक्कं आहे, हे मी कुणालाही सांगते. माझा भाऊ सोमा ११ मार्च २०२३ रोजी, शनिवारी दुपारी, त्या स्टुलावर बसल्याबसल्याच वारला.