गोजरचं मंगळसूत्र

बाहत्तरच्या दुष्काळात कानिफनाथचं नगरमधलं कापडदुकान बुडालं. नादारीचा अर्ज करण्याआधी वकिलानं त्याला समजावलं, "कानिफशेठ, घर, दुकान, सोनं, सगळं कोर्टाच्या ताब्यात जाईल. बायकोचं मंगळसूत्र तेवढं सुटतं. धर्मानं बाईला ते काढता येत नाही, म्हणून कोर्टही मागत नाही."

कानिफनाथनं घरातलं सगळं सोनं आटवलं आणि बायकोच्या, गोजरच्या गळ्यात बेंबीपर्यंत लोंबणारं जाडजूड मंगळसूत्र घातलं. तोवर तिच्या गळ्यात नुसती काळी पोत होती. तिच्या सोन्याच्या वाट्या त्यानं केव्हाच सावेडीत ठेवलेल्या बाईला नेऊन दिल्या होत्या.

"निकाल लागला की गुमान काढून दे," तो म्हणाला. "हे बी तिचंच हाय."

कोर्टात पैसे थकलेल्या व्यापाऱ्यांच्या वकिलानं एवढ्या मोठ्या मंगळसूत्राला हरकत घेतली. न्यायाधीशांनी गोजरलाच विचारलं, "बाई, हे काढणं तुमच्या धर्मात बसतं का?"

"नवरा जिता हाय तवर न्हाई बसत, साहेब."

मग कानिफनाथच्या डोळ्यांत बघत तिनं कपाळाचं कुंकू पुसलं आणि मंगळसूत्र काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं.