मातीचा अहवाल

मातीतला किरणोत्सर्ग अगदी ताजा होता. जमिनीखाली कुणीतरी चोरून अणुस्फोट केलाय, हे प्रयोगशाळेतल्या बाईंनी आकड्यांवरून ओळखलं.

साहेब खूश झाले. "शाब्बास! आता शेजारी देशाचं पितळ उघडं पाडतो!"

"साहेब, माती आपल्याच खोऱ्यातली आहे. तिथली गावं आधी हलवायला हवीत."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. "मग तुमचं यंत्रच बिघडलंय. माती स्वच्छ आहे असं लिहा."

बाईंनी साफ नकार दिला. तेव्हा साहेबांनी स्वतःच तसं लिहून खाली झोकदार सही ठोकली.


बाई दारापर्यंत पोचतात तोच साहेबांनी बायकोला फोन लावला, "आत्ताच्या आत्ता गाडी पाठव आणि लेकीला त्या खोऱ्यातल्या वसतिगृहातून घरी आण!"