चाळण आणि चौथं प्रकरण

परीक्षक समितीचे तिघे निकाल ठरवायला बाजूच्या खोलीत गेले, दार लागलं, आणि नशवाच्या सासूने, हज्जा इन्शिराहने, खुर्चीखालची पिशवी ओढून तिच्यातून धान्याची मोठी चाळण बाहेर काढली.

"आई, अहो इथे नको," नशवा म्हणाली. तीन तास प्रश्नांना उत्तरं देऊन तिचा घसा बसला होता.

"इथे नको तर कुठे? बाळाचा सातवा दिवस आज आहे, उद्या नाही. या तांता शहरातून आपलं गाव दीड तास. पोचेपर्यंत सूर्य बुडेल." हज्जाने खिडकीकडे बोट दाखवलं. "विद्यापीठाने नेमकी आजची तारीख दिली, आणि तुझ्या लेकीने दहा दिवस आधी यायचं ठरवलं. दोघांनीही मला विचारलं नाही."

नशवाचं लक्ष बंद दाराकडे होतं. खाऱ्या जमिनीत भात कसा पिकवायचा, यावर सहा वर्षं केलेलं काम त्या दाराआड होतं. उठता उठता अध्यक्ष डॉ. सौसन एवढंच म्हणाल्या होत्या, "चौथं प्रकरण कच्चं आहे." पुढे एक शब्द नाही. या डॉ. सौसनना हसताना कोणी पाहिलेलं नाही. दुपारी नशवा नुसती माइकसमोर बसली, तर हज्जाने जीभ फिरवून आनंदाची ललकारी ठोकली होती. तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघत सुनावलं होतं, "बाई, हा हॉल आहे. लग्नाचा मांडव नाही."

हज्जाने मुलाच्या, म्हणजे वाएलच्या, हातातून बाळ घेतलं आणि चाळणीत ठेवलं. पांढऱ्या दुपट्यातली जुमाना झोपेतच ओठ चोखत राहिली. चाळण मंचासमोर फरशीवर आली. दृष्ट लागू नये म्हणून हज्जाने भोवती मूठमूठ मीठ उधळलं. पाच वर्षांची लुजैन मेणबत्ती घेऊन उभी होती.

"बाबा, पेटवू?"

"नको. आईला पदवी मिळेपर्यंत विद्यापीठ जाग्यावर राहू दे," वाएल म्हणाला. तेवढ्यात पिशवीतून पितळी खलबत्ता निघाला. "आई, अगं हाही आणलास?"

"मग काय, टाळ्या वाजवू?"

बाळाच्या कानाशी पहिला ठोका पडला आणि हॉल दणाणला. "ऐक गं बाई, आईचं ऐक. बापाचं ऐकू नको."

"हळू, आई. त्यांना ऐकू जाईल." नशवा कुजबुजली.

"जाऊ दे. पोर धीट व्हायला हवी. तुझ्यासारखी कुजबुजणारी नको. चल, रीतीप्रमाणे बाळाची चाळण सात वेळा ओलांड."

सासूशी वाद घालायला अंगात जोर हवा, तो नशवात उरला नव्हता. तिने पदवीचा काळा झगा दोन्ही हातांनी उचलला आणि चाळण ओलांडली. बाळंतपणाचे टाके ओढले गेले. "एक," लुजैन म्हणाली. नशवा वळली, तिने परत ओलांडली. दोन. तीन. बाळाचा इवलासा चेहरा दर वेळी पायाखालून जाई, आणि दर वेळी तिला थोडं हसू येई. काळजी होतीच, पण हसूही येत होतं, त्याला ती काय करणार.

"पाच!" लुजैन ओरडली आणि दार उघडलं.

समिती आत आली की सगळ्यांनी उभं राहायचं असतं. सगळे उभे राहिले. फक्त हज्जा बत्ता हातात धरून फरशीवरच बसून राहिली, आणि नशवा झगा गुडघ्याशी धरून जिथल्या तिथे थबकली. डॉ. सौसननी आधी चाळणीकडे पाहिलं, मग फरशीवरच्या मिठाकडे.

"तीन तास आम्ही ऐकतोय, शेतातलं मीठ कमी कसं करायचं," त्या म्हणाल्या. "आणि इथे तुम्ही पेरताय."

कोणी हसलं नाही. हसायचं की नाही ते कळेना.

"किती वेळा झालं?"

"पाच," लुजैन म्हणाली.

"मग थांबलीस का गं, नशवा? अर्धवट सोडलेलं मला चालत नाही."

नशवाने सहाव्यांदा ओलांडलं. डॉ. सौसननी हातातली फाइल खुर्चीवर ठेवली आणि एक हात मंचाला टेकवत, गुडघे कुरकुरत असताना, त्या चाळणीपाशी खाली बसल्या. "बत्ता द्या, हज्जा."

हज्जाने मुकाट्याने दिला. डॉ. सौसननी एक ठोका मारला, अगदी बेताचा, आणि बाळावर वाकल्या.

"ऐक, बाळ. आईचं ऐक. चाळीस दिवस तिला झोपू दे. त्यानंतर तिला चौथं प्रकरण पुन्हा लिहायचंय." दुसरा ठोका पडला. "बाकी समितीचं एकमत आहे. डॉक्टर झाली ती."

वाएल मटकन खुर्चीत बसला. हज्जाचं तोंड ललकारीसाठी उघडलं, आणि तिने चटकन त्यावर हात दाबला. तशीच डोळे मोठे करून ती डॉ. सौसनकडे बघत राहिली.

"आता द्या," डॉ. सौसन म्हणाल्या.

मग जी ललकारी उठली, तिने खलबत्ता न जुमानणारी जुमाना जागी झाली आणि रडायला लागली. नशवाही रडत होती. डोळ्यांपुढची चाळण तिला धड दिसेना, पाय उचलेना, झगा तसाच हातात राहिला. हज्जाने काळ्या ओढणीने आपलं नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात खेकसली.

"डॉक्टर, सातव्यांदा ओलांडायचं राहिलंय. रडायचं ते पलीकडे जाऊन रड."