गव्हर्नरची पपनसं

"पाणी तरी विचारशील की नाही?" गव्हर्नर क्रिसांतो विलारुझ दारात उभा होता. हातात पपनसांची जाळी.

सान मिगेलच्या जत्रेचा दिवस. गावात घरोघरी पंगती झडत होत्या. फिलोमेना दागुरोच्या टेबलावर मात्र एकच ताट होतं. याच माणसाने तिला गव्हर्नरच्या निवडणुकीत लागोपाठ दोनदा पाडलं होतं, दुसऱ्यांदा तर अवघ्या नऊशे मतांनी. पडलेल्या बाईकडे जत्रेला कोण जेवायला येणार?

"ये. विष संपलंय, भातच आहे," ती म्हणाली.

दोघं एकाच शाळेतले, त्यामुळे भांडणही जुनं होतं आणि एकेरीही. तो बसला.

"मे महिन्यात एकत्र लढू, मेना. मी गव्हर्नर, तू उपगव्हर्नर. आपल्या भांडणात प्रांताची वाट लागलीये."

"आणि तुझा पुतण्या?"

योनयोन विलारुझने काकाच्या आडनावावर अर्धी नदी उपसून विकली होती. त्याचं नाव निघताच क्रिसांतोने चमचा खाली ठेवला.

"म्हणूनच तू हवीस," तो म्हणाला. तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो अर्ध्या जेवणातून उठला.

जेवणातून कुणी उठून निघालं तर मागे उरलेल्याने आपलं ताट फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो, अशी तिथली समजूत. आई गेल्यापासून फिलोमेनावर ताट फिरवायची वेळच आली नव्हती. तिने ते हळूच फिरवलं.

ऑक्टोबरात दोघांनी अर्ज भरले. तिचे कार्यकर्ते खवळले. पंधरा वर्षं तिच्या जीपला धक्के मारणारी माणसं तिला बघून रस्ता बदलू लागली. घर आणखीच ओकंबोकं झालं. क्रिसांतो तेवढा यायचा.

डिसेंबरात तो म्हणाला, "बायको जाऊन सात वर्षं झाली. पोरं कॅनडात. संध्याकाळी मी रेडिओशी बोलतो. लग्न करशील माझ्याशी?"

"मतांसाठी?"

"मतं तू आधीच दिलीस."

"मग मीच का?"

"बाकीचे सगळे माना डोलावतात. तू एकटी भांडतेस."

ती हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला इतका आनंद झाला होता की त्याची लाज वाटत होती.

त्याची अट एकच होती. तिने आडनाव त्याचं लावायचं, सगळ्या कागदांवर, आणि पक्षातही त्याच्याच यायचं.

"हौस बघा म्हाताऱ्याची," ती म्हणाली. पण नव्या आडनावाची सही तिने वहीच्या मागच्या पानावर चार वेळा करून पाहिली.

लग्न जानेवारीत झालं. तिच्या नव्या आडनावाच्या नोंदणीसाठी रांगेत क्रिसांतो स्वतः दोन तास उभा राहिला. मतपत्रिका छापायला गेल्याचं कळलं त्या दुपारी तो खुर्चीतच गाढ झोपला. कितीतरी दिवसांत तो असा झोपला नव्हता. युती आता मोडत नाही म्हणून निश्चिंत झाला असेल, असं तिला वाटलं.

तिने त्याला आलं घातलेली पेज द्यावी, त्याने दोन चमचे खाऊन बाजूला सारावी.

"चव नाही का?"

"डॉक्टरने मीठ बंद केलंय."

त्याच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. प्रचाराची दगदग, ती म्हणायची. तो सभेला निघाला की ती ताट फिरवायची आणि तो परत यायचा.

मतदानाला नऊ दिवस उरले असताना तो न्याहारीतून उठून गेला. तिने ताट फिरवलं होतं. तरी तो जीपमध्येच गेला.

दुपारी दिवाणखान्यात शवपेटीशेजारी योनयोन पांढरा सदरा घालून उभा होता. सांत्वनाला येणाऱ्यांना सांगत होता, "आडनाव तेच, मतही तेच ठेवा."

वकील बागसित फिलोमेनाला स्वयंपाकघरात घेऊन आले.

"मॅडम, छापलेलं नाव बदलत नाही. पण मेलेल्या उमेदवाराच्या जागी त्याच पक्षाचा, त्याच आडनावाचा माणूस उभा राहू शकतो. विलारुझवर पडलेलं मत त्याचं."

"म्हणून योनयोन नटलाय."

"शिफारस पक्षाध्यक्षाची लागते. पक्षाध्यक्ष आपले साहेबच होते. मे महिना दिसणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. म्हणून ही त्यांनी माझ्याकडे देऊन ठेवली."

"कधी सांगितलं डॉक्टरांनी?"

वकिलांनी शिफारशीचा कागद तिच्या हातात ठेवला. फिलोमेनाने तो उजेडात धरला. उमेदवाराचं नाव टाईप केलेलं होतं, फिलोमेना दागुरो-विलारुझ. खाली क्रिसांतोची सही, आणि सहीखाली त्याच्याच हाताने घातलेली तारीख. तो पपनसं घेऊन तिच्या दारात उभा राहिला, त्याच्या तीन दिवस आधीची.