फाटणारा सूर

"बाबा, यंदा बिगूल मी वाजवते." तिनं एका दमात सांगून टाकलं आणि चहा ढवळत बसली. साखर कधीच विरघळली होती.

बाबा खिडकीशी बसून बिगूल पुसत होते. त्यांनी ना फडकं खाली ठेवलं, ना वर पाहिलं. गावच्या बँडची ती बँडमास्तर. नुसती भुवई वर केली की ढोलवाल्यांची बडबड बंद. पण बापापुढे अजून तिची गाळण उडायची.

दुसऱ्या दिवशी लढाईत पडलेल्या जवानांचा स्मरणदिन होता. चौकातल्या दगडावर त्यांची नावं कोरली होती. त्या दगडापुढे शेवटचा बिगूल बाबांनी वाजवायचा, हे ते लढाईवरून परतल्यापासून ठरून गेलं होतं. आणि दरवर्षी सगळ्यात उंच सुरावर त्यांचा बिगूल फाटायचा, हेही ठरलेलंच. नेमका त्याच जागी. जुन्या चादरीसारखा टर्रकन. ती शाळेत असताना मुलं तिला त्यावरून 'फाटका भोंगा' म्हणायची. मोठी माणसं तेवढं म्हणत नसत, नुसती खाली मान घालून बुटांकडे बघत.

घरी सरावाला मात्र तो सूर कधी फाटत नसे. म्हणून तिनं आपल्यापुरता निष्कर्ष काढला होता, की बाबा गर्दीला बुजतात. गोळ्यांना न बुजलेला माणूस माणसांना बुजतो, याची तिला कीव यायची आणि लगेच स्वतःचाच राग यायचा. पण यंदा सोहळा टीव्हीवर दाखवणार होते. आजवर गावात व्हायचं ते हसं आता देशभर व्हायला नको, एवढीच तिची धडपड होती.

"वाजव," बाबा म्हणाले. "माझा दमही आता पुरत नाही. फक्त पहिल्या रांगेतल्या आजींना आधी सांगून ठेव."

"काय सांगू?"

"यंदा मी वाजवणार नाही म्हणून. विसरू नकोस."

त्या आजी कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा बाबांच्याच पलटणीत होता, बाबांसारखाच बिगूल वाजवणारा. त्याचं नाव आता दगडावर होतं. त्याच्याबद्दल कुणी विचारलं की बाबा उठून बाहेर जात. लढाईबद्दल तर त्यांच्या तोंडून चकार शब्द निघत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकेक विघ्न. माइक शिट्ट्या मारायला लागला. ढोलाचा पट्टा तुटला. टीव्हीवाल्यांनी दोनदा तिची जागा बदलली. आजी काठी टेकत येऊन पहिल्या रांगेत बसल्या, ते तिनं पाहिलंही. त्यांची नजर गेली होती, कान मात्र तिखट होते. नंतर सांगू, असं ती मनाशी म्हणाली आणि साफ विसरली.

तिची वेळ आली. बाबांनी शिकवलं होतं तसा तिनं बिगूल कोटाच्या आत धरून उबवला होता. गार पितळ दगा देतं. तिनं श्वास भरला. तो उंच सूर आला, स्वच्छ लागला, लांबला आणि अलगद उतरला. पाहुण्यांनी मान डोलावली. कोणी बुटांकडे बघितलं नाही. तिला हायसं वाटलं. तिनं अभिमानानं बाबांकडे पाहिलं, पण ते तिच्याकडे बघतच नव्हते. ते पहिल्या रांगेकडे बघत होते.

गर्दी पांगली. टीव्हीवाले तारा गुंडाळू लागले. खुर्च्या उचलणारी माणसं पहिल्या रांगेशी येऊन खोळंबली, कारण आजी जागच्या हलत नव्हत्या. तिला एकदम निरोप आठवला. ओशाळून ती जवळ गेली.

"आजी, चला ना. कार्यक्रम संपला."

"संपला कसा?" आजींनी तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "माझा पोरगा अजून चुकला कुठे?"

तिला काही उमगेना. आजीच पुढे म्हणाल्या, "तो वरचा सूर त्याला कधी म्हणून जमला नाही गं. घरामागे वाजवायचा, तेव्हाही तिथंच फाटायचा. मी आतून हसायचे, तो चिडायचा. तुझे बाबा दरवर्षी तेवढा आणतात ना त्याला. आज नाही आले का ते?"

मागून हात पुढे आला आणि बाबांनी तिच्याकडून बिगूल घेतला. कोटाच्या आत धरून थोडा वेळ उबवला. मग रिकाम्या खुर्च्यांपुढे ताठ उभं राहून त्यांनी तो वाजवला. मधे दोनदा दम तुटला, पण त्यांनी रेटलं. उंच सूर आला आणि फाटला. त्याच जागी.

आजी खुदकन हसल्या. "मेला, सुधारायचा नाही," त्या म्हणाल्या, आणि काठी चाचपून उठल्या.

घरी जाताना बाप-लेक सावकाश चालले. बाबांना धाप लागली होती. त्यांनी नको म्हणायच्या आत तिनं बिगूल आपल्याकडे घेतला. कोपऱ्यावर ते दम खायला थांबले, तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, ते चुकायचं मला शिकवाल?"

बाबांनी बिगुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अवघड आहे," ते म्हणाले. "त्याच्यासारखं चुकायला मला दोन वर्षं लागली."